दोघांपैकी एकाला

३ मार्च, दुपार

वन्सं,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं यातच दोन कागद वाया गेले. कागद वाया घालवणं माझ्या जिवावर येतं हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून आता काहीच न लिहिता सुरुवात करते. मी तुमची वहिनी. हा कागद लिहून झाला की त्याचा फोटो तुम्हाला फोनवर पाठवीन. फोनच केला असता, पण बोलायला तोंड उघडलं की मला रडू येतं. लिहिताना अक्षर नीट काढायचं असतं, त्यामुळे येत नाही.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. मामंजी गेले तेव्हा तुम्ही म्हणत होतात दवाखान्यात न्या, आणि हे म्हणत होते घरीच शांतपणे जाऊ देत. त्या दिवशी तुम्हा भावाबहिणीत जे शब्द झाले ते मी स्वयंपाकघरातून ऐकले होते. कोण बरोबर ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. ह्यांनी तेव्हापासून घरात तुमचं नाव काढलेलं नाही. मी त्यात पडत नाही. पण तुम्ही नव्या औषधांच्या चाचण्यांचं काम करता, आणि आमच्या नात्यात असं काम करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून ओशाळं होऊन लिहिते आहे.

आमच्या ढब्बूच्या हृदयाला सूज आली आहे.

तुम्ही पाहिलात तेव्हा तो गोल गरगरीत होता. आता चोवीस वर्षांचा, काठीसारखा बाप्या झाला आहे, नाव तेवढं चिकटून राहिलं. लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत आहे. गेल्या महिन्यात त्याला साधा ताप आला, घसा धरला. ताप उतरल्यावर मीच म्हणाले, घरात बसून अंग जड होतं, जा कामावर. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट वरच अडकली होती, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन हा जिन्यानं चढत निघाला आणि मधेच पायरीवर बसला. बरोबरचा मेस्त्री म्हणाला, "काय रे, लिफ्टवाल्यालाच लिफ्ट पाहिजे झाली?" मग त्याचा चेहरा पाहून मेस्त्रीनंच त्याला पाठीवर घालून खाली आणलं.

आधी हार्ट ॲटॅक म्हणाले. मग नळी घालून बघितलं तर रक्तवाहिन्या स्वच्छ. मग म्हणाले तापाचा विषाणू हृदयात उतरला आहे. हृदयानं दर ठोक्याला साठ टक्क्यांच्या आसपास रक्त पंप करायला पाहिजे ते तीसवर आलं आहे. पाणी काढायची गोळी आहे, ठोके धीमे करायची गोळी आहे. मी विचारलं, आणि सुजेवर काय? मोठे डॉक्टर म्हणाले, सुजेवर खात्रीचं असं औषध अजून नाही. पडून राहायचं. काही महिने जिना नाही, धावणं नाही, वजन उचलणं नाही.

पडून राहणं हे औषध मी आजवर ऐकलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. इथे एक चाचणी चालू आहे. सांधे लाल होऊन सुजतात त्या दुखण्यावर वर्षानुवर्षं देतात ते एक जुनं औषध हृदयाच्या सुजेवर चालतं का ते बघतात. त्या कामाची एक तरुण डॉक्टरीणबाई आहे. ती म्हणाली, "दोघांपैकी एकाला खरं औषध मिळेल. दुसऱ्याला तशीच दिसणारी कॅप्सूल, आत औषध नसलेली. कुणाला काय ते तुम्हाला कळणार नाही, आणि आम्हालाही नाही."

मी म्हणाले, "तुम्हालाच माहीत नाही, मग देता कशा?"

ती म्हणाली, "माहीत नाही म्हणूनच देता येतं, आई."

ह्यांनी संमतीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ज्या काट्याचा भरवसा काटेवाल्यालाच नाही त्यावर मी माझं पोर ठेवणार नाही. हे अजून वजनकाटेच दुरुस्त करतात. ढब्बूनं खाटेवरून हात पुढे केला, पेन घेतलं आणि सही करून टाकली. आता सांगा, त्यानं बरं केलं का वाईट? चार ओळी पुरे. नाही लिहिलंत तरी माझा राग नाही.

वहिनी

९ मार्च

वन्सं,

तुमचं उत्तर आलं. छोटं होतं, पण आलं. तुम्ही लिहिलंत की सूज ही नुसती शत्रू नाही, विषाणूला हाकलायला आलेला शिपाई पण आहे. म्हणून ती फार दाबली तर विषाणूचं फावतं आणि मोकळी सोडली तर शिपाईच हृदय तुडवतात. म्हणून अशी औषधं आधी चाचणीत घालून बघावी लागतात. हे वाचून मला पटलं, आणि पटल्यावर आणखी भीती वाटली. म्हणजे खरं औषध मिळणं चांगलं की न मिळणं चांगलं? तुम्ही म्हणता हेच कुणाला ठाऊक नाही. पण वन्सं, औषध म्हटलं की ते मिळणं चांगलं असंच आपल्याला लहानपणापासून शिकवलं नाही का?

ढब्बूच्या बाजूच्या खाटेवर एक बेकरीवाला आहे. चाळिशीचा, अंगानं दांडगा, त्यालाही तापानंतर हेच झालं. त्याची बायको दिवसभर त्याच्याशी भांडते आणि त्याला भरवते. ढब्बूला म्हणाली, "तू रे कशाला आलास म्हाताऱ्यांच्या पंक्तीत?" आणि त्याच्या हातात पाव ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणे, "ताई, बेकरीवाल्यांच्या घरी पाव विकत आणत नाहीत. घ्या."

तिच्या नवऱ्यानंही सही केली आहे. काल डॉक्टरीणबाईनं दोघांना दोन बाटल्या दिल्या. पांढऱ्या, सारख्या, वर फक्त आकडे. एक ढब्बूच्या कपाटात, एक बेकरीवाल्याच्या. मी दोन्हींकडे बघत बसले होते. दोघांपैकी एकाला. तुम्ही हसाल, पण मी मनातल्या मनात देवाला विचारलं, कोणती रे? घरखर्चाची वही लिहिताना दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला स्वस्थता नसते. इथे तर एका बाजूला काहीच लिहिलेलं नाही.

ह्यांची तब्येत बरी आहे. परवा फोनमध्ये काहीतरी शोधताना तुमचा जुना फोटो वर आला तर लगेच पुढे सरकवला नाही. एवढंच सांगते.

वहिनी

२१ मार्च

वन्सं,

दोघांनाही घरी सोडलं. बाटल्या बरोबर दिल्या आहेत. तपासणीला जाताना बाटली न्यायची, नर्सबाई उरलेल्या कॅप्सूल मोजते, म्हणजे चुकवल्या का ते कळतं.

परवाच्या तपासणीत बेकरीवाल्याचा पंप पंचेचाळीसवर गेला. तो दुकानात गल्ल्यावर बसायला लागला आहे. ढब्बूचा बत्तीस. तीसचा बत्तीस. डॉक्टरीणबाई म्हणाली प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. मी मान हलवली. पण मला कळायचं ते कळलं. अंघोळ करून आला की ढब्बू खाटेच्या कडेवर बसून दम खातो आणि मी आत आले की मोबाईल बघत असल्यासारखं करतो.

देवापुढे बसले आणि म्हणाले, खरी बाटली आमच्याकडे फिरव. म्हणून झाल्यावर लक्षात आलं, म्हणजे मी त्या माउलीच्या नवऱ्याची बाटली मागते आहे. मग ते मागणं परत घेतलं. पण नीट परत घेतलं गेलं नाही असं वाटतं.

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्या घरातलं माणूस अशाच चाचणीत आहे. त्यांचं म्हणणं असं की दोन रोग्यांच्या दोन बाटल्या एकत्र करून सारख्या वाटल्या, तर दोघांनाही निदान निम्मं खरं औषध मिळेल. कुणाचंच वाटोळं होणार नाही. मी त्यांना म्हटलं, विचारून सांगते. त्यात काही अपाय असतो का?

बाकी ठीक.

वहिनी

२३ मार्च

वन्सं,

तुम्ही लिहिलंत, "ती बाई कोण हे मी विचारत नाही. तिला म्हणावं आजच डॉक्टरांना सांग." त्यांना निरोप देते. बाई घाबरट आहेत, बघू.

तुम्ही आणखी लिहिलंत की दोन बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी सारख्या असतीलच असं नाही. हे मला कळलं नाही. एकीत औषध आणि एकीत नाही, एवढाच तर फरक असतो ना? पण तुमचा वेळ घेत नाही. तुम्ही कामाची माणसं.

ढब्बू आज गॅलरीत येऊन बसला होता. समोरच्या इमारतीची लिफ्ट कशी बेकायदा बसवली आहे ते मला अर्धा तास सांगत होता. किती दिवसांनी त्यानं कुणाला तरी नावं ठेवली! मला इतकं बरं वाटलं.

वहिनी

६ एप्रिल, सकाळ

वन्सं,

ती बाई मीच.

तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण आता लिहून काढल्याशिवाय मला काय करायचं ते दिसत नाही.

तो बत्तीसचा आकडा ऐकून आले त्याच दिवशी संध्याकाळी मी बेकरीत गेले. मागच्या खोलीत ती कणकेचे गोळे तोलत होती. मी म्हणाले, "तुमच्याकडे खरी बाटली आहे आणि आमच्याकडे पोकळ."

ती म्हणाली, "ताई, असं कसं म्हणता? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुमचे गल्ल्यावर बसलेत, माझा पोरगा अंघोळीनं दमतो. डॉक्टर म्हणालेच होते, दोघांपैकी एकाला."

ती पिठाचे हात एकमेकांवर झाडत राहिली. मग मी जे बोलले ते मला लिहायला जड जातं. मी म्हणाले, "तुमचे आता बरे झालेत, त्यांना अर्धं पुरेल." मीच म्हणाले, वन्सं. तिच्या नवऱ्याला किती पुरेल ते मी ठरवलं.

ती म्हणाली, "चोवीस वर्षांचं पोर आहे. घ्या." आणि पावाचा एक स्वच्छ ट्रे पुसून मधे ठेवला. दोन्ही बाटल्या आम्ही त्यात ओतल्या. तिनं हातानं कालवल्या आणि कणीक कापायच्या पात्यानं मधोमध रेघ पाडली. मी एकएक मोजून भरल्या, तिच्या बाटलीत तिच्या राहिल्या होत्या तेवढ्या, आमच्या बाटलीत आमच्या. ती म्हणाली, "तुमचा हिशेब बघून आमच्या गल्ल्यावर तुम्हालाच बसवावं." आम्ही हसलो. हो, हसलो.

पुढच्या तपासणीत नर्सबाईची मोजणी अगदी बरोबर आली. आणि ढब्बूचा पंप एक्केचाळीसवर! मी देवापुढे डोकं टेकलं. अर्ध्या औषधानं एवढं केलं, म्हणून तुमचं म्हणणं मी कानाआड केलं.

परवा बेकरीवाल्याला परत भरती केलं. जुलाब, उलट्या, पायांत त्राण नाही. काल मी बघायला गेले तर त्याच्या हाताला सलाईन आणि तोंड पांढरंफटक. कुणी म्हणतं काहीतरी बाधलं, कुणी म्हणतं पोटात नवा विषाणू. बायको बाहेरच्या बाकावर होती. मी हळूच विचारलं, "सांगितलंत का?"

तिनं मान हलवली. नाही.

"का?"

"सांगितलं तर तुमच्या पोराची बाटली काढून घेतील, ताई."

वन्सं, माझा हिशेब असा आहे: त्याच्याकडे खरी होती, तर निम्म्यानं त्याला उलट्या का व्हाव्यात? आधी पूर्ण घेत होता तेव्हा काही झालं नाही. म्हणजे मग खरी आमचीच होती का? मी माझ्याच पोराचं अर्धं औषध काढून परक्या माणसाला आजारी पाडलं का? पण मग आमची खरी होती तर तेव्हा बत्तीस का, आणि अर्ध्यावर एक्केचाळीस का? कोणत्याही बाजूनं मांडलं तरी जुळत नाही. का त्याला नुसतंच पोट बिघडलं आहे आणि मी उगाच सांगून ढब्बूची बाटली घालवणार आहे?

देवाला विचारलं. देव पण चाचणीत असल्यासारखा गप्प आहे.

तुमचं उत्तर येईपर्यंत थांबायचं असं ठरवून बसले होते. पण इथवर लिहून झालं आणि वाटलं, ती त्या बाकावर माझ्या पोरासाठी गप्प बसली आहे, आणि आत तिचं माणूस आहे. कागदाचा फोटो पाठवते आणि निघते. चप्पल घातलीच आहे.

वहिनी

८ एप्रिल

वन्सं,

सांगितलं.

डॉक्टरीणबाई आधी समजलीच नाही. म्हणाली, "पण कॅप्सूलची मोजणी बरोबर होती ना?"

मी म्हणाले, "बरोबरच येणार. मी वाटल्या होत्या."

तिचा चेहरा उतरला. एकदम उठली. "अहो आई, त्यांची किडनी कमजोर आहे. म्हणून त्यांची बाटलीच वेगळ्या ताकदीची दिली होती. औषध असेल तर निम्म्या ताकदीचं." एवढं बोलून ती वॉर्डाकडे पळालीच. बेकरीवाल्याची कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केली. मग मोठे डॉक्टर आले, कुणाकुणाला फोन झाले. कुणाच्या बाटलीत काय आहे ते एका कुलूपबंद यादीत असतं, तुम्हाला माहीतच असेल, ते त्यांनी अडचणीच्या वेळचं म्हणून उघडून घेतलं. मी दाराशी उभी होते. कुणी बस म्हणालं नाही आणि जा पण म्हणालं नाही.

मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "दोन्ही खऱ्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे?"

"दोघांच्याही बाटलीत औषधच होतं. तुमच्या मुलाच्या पूर्ण ताकदीचं, त्यांच्या निम्म्या. तुम्ही ती मिसळलीत. त्यांना झेपेल त्यापेक्षा जास्त गेलं, आणि तुमच्या मुलाला कमी."

मी म्हणाले, "पण तुम्ही तर म्हणालात दोघांपैकी एकाला! मग ज्याला नाही मिळालं तो दुसरा कुठे आहे?"

वन्सं, ती रागावलेली होती, पण हे ऐकून भिंतीला टेकून उभी राहिली. "आई, ते छापा-काट्यासारखं असतं. प्रत्येकासाठी वेगळं नाणं. शेजारच्या खाटेवर छापा पडला म्हणून तुमच्याकडे काटा पडेलच असं नाही. ज्यांना नाही मिळालं ते दुसऱ्या वॉर्डात असतील, दुसऱ्या गावात असतील."

मी इतके दिवस दोन खाटांचा हिशेब करत होते.

डॉक्टरीणबाईनं फोन करून ढब्बूलाही कॅप्सूल थांबवायला सांगितलं होतं, त्यामुळे मी घरी येऊन ह्यांना सांगायच्या आधी त्यानंच सांगितलं होतं. हे काट्याचा स्क्रू पिळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दोन गिऱ्हाइकांचा माल एका पोत्यात ओतलास."

"हो."

"वरून सारखा दिसला म्हणून."

"हो."

ह्यांनी स्क्रू शेवटपर्यंत पिळला. मग म्हणाले, "तिला कळवलंस?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे! फोटो काढून पाठवतेस आणि फोटो फोनमध्येच ठेवतेस. मी काय आंधळा आहे?"

मी म्हणाले, कळवते. ते म्हणाले, "विचार तिला, तो बेकरीवाला वाचेल ना." तुमच्या भावानं तुम्हाला विचारलेलं आहे, म्हणून त्याच शब्दांत लिहिलं. उत्तर मला पाठवा, नाहीतर त्यांनाच पाठवा, तुमची मर्जी.

वहिनी

२० एप्रिल

वन्सं,

बेकरीवाला घरी गेला. औषध बंद केल्यावर हळूहळू उतार पडला. तुम्ही ह्यांना परस्पर काय लिहिलंत ते मला दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच बेकरीत गेले आणि तिथला पीठ तोलायचा काटा न सांगता दुरुस्त करून आले.

चाचणीतलं औषध दोघांचंही कायमचं बंद. मला वाटलं आता हाकलून देतील. पण डॉक्टरीणबाई म्हणाली तपासणीला यायचंच. "तुम्ही केलेला घोळसुद्धा आम्हाला लिहून ठेवावा लागतो, आई. लपवला तर सगळ्यांचाच हिशेब खोटा होईल." मी म्हणाले, "माझं नाव लिहू नका." म्हणाली, नावं लिहीत नाहीत. तेवढीच देवाची दया.

मग तिनं जे सांगितलं त्यावर मी अजून विचार करते आहे. म्हणाली, हे जुनंच औषध आहे, औषधाच्या दुकानात मिळतं. चाचणीबाहेर मोठ्या डॉक्टरांना हवं तर ते उघडपणे लिहून देऊ शकतात. पण त्यानं ढब्बूला फायदा होईल असं ती मला सांगू शकत नाही, कारण तेच तर शोधायचं चाललं आहे.

इतके दिवस मी एकच गोष्ट मागत होते, खरं कुठलं ते कळू दे. आता खरं औषध नावासकट समोर होतं. मी ढब्बूकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, तू ठरवू नकोस. तू ठरवलंस तर निम्म्या वॉचमनला देऊन येशील." आणि डॉक्टरीणबाईला म्हणाला, "मी थांबतो. पुढच्या इकोमध्ये पंप खाली आला तर घेईन."

मला ते मुळीच पटलं नाही. पण काय पटलं असतं तेही मला सांगता आलं नसतं. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. तो पडलेला असायचा आणि मी दारातून त्याची छाती वरखाली होताना बघायची. एकदा डोळे मिटलेले असतानाच म्हणाला, "बघायचं तिकीट काढलंयस का?"

आज तो इको होता. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बेकरीवालाही तपासणीला आला होता, त्याला आत घेतलेलं. त्याची बायको समोरच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून. त्या दिवसापासून आमचं बोलणं नव्हतं. मी दोनदा घरी गेले होते, दोन्ही वेळा मुलीनं दार उघडून आई झोपली आहे असं सांगितलं.

थोड्या वेळानं ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बोलायचं नाही असंच ठरवलं होतं. पण इथे एकटीला बसवत नाही."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलंच. पण कालवल्या मी होत्या." मग ढब्बूकडे बघून म्हणाली, "आणि तू, खातोस की नाही काही? पुन्हा काडी झालास."

नर्सबाईनं ढब्बूला बोलावलं. मी उठायला लागले तर तो म्हणाला, "बस तू." आणि एकटाच आत गेला. दार लागलं. आम्ही दोघी त्या दाराकडे बघत बसलो.

तेवढ्यात एक नवी बाई आमच्या बाकाच्या कडेला येऊन टेकली. नवरा चाकाच्या खुर्चीत, तिच्या हातात नवी पांढरी बाटली. आमच्याकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही पण यातलेच का हो? तुम्हाला खरं मिळालं होतं का?"

बेकरीवाली म्हणाली, "मिळालं होतं."

"मग बरं वाटलं?"

बेकरीवाली माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. काय सांगणार? तिचा नवरा खऱ्यानं बरा झाला का, आणि खऱ्यानंच आडवा झाला का? माझा पोरगा पूर्ण औषधानं जागचा हलला नाही आणि कमी औषधानं उठून बसला, ते औषधानं, का पडून राहिल्यानं, का आपोआप?

दार उघडलं. ढब्बू बाहेर आला, शर्टाची बटणं लावत. चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही अशी त्याची सवय आहे, पण एक बटण चुकीच्या काजात घातलं होतं.

"सेहेचाळीस," तो म्हणाला.

औषध बंद केल्यावर सेहेचाळीस, वन्सं! मी त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. शेवटी तोच म्हणाला, "आई, बटण लावू दे."

ती नवी बाई अर्धवट उभी राहिली होती. "अहो, पण कशामुळे?" तिनं विचारलं. "कशानं वाढलं?"

बेकरीवाली आणि मी एकदमच म्हणालो, "माहीत नाही."

ती बिचारी आणखीच गोंधळली. हातातल्या बाटलीकडे बघत राहिली, मग आपल्या नवऱ्याकडे, मग समोर दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे, ज्याच्या मांडीवर तसलीच बाटली होती. तिची नजर कुठून कुठे गेली ते मला लगेच कळलं. मी तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट बसवलं, आणि तिच्याच पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिली.

तुमची वहिनी